कोकणात घर बांधायचंय? मग जागा जुलैत बघा

जागा बघायला लोक डिसेंबरात येतात. हवा छान असते, आंब्याला मोहर यायला लागलेला असतो, सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, उन्हात तांबूस दिसतो. मग त्या सड्याच्या अगदी टोकाला, जिथून खाडी दिसते तिथे, घर ठरतं. त्याच टोकावर जुलैत उभं राहून बघा. छत्री उलटी होते आणि पाऊस वरून कमी, समोरून जास्त येतो. जुन्या वाड्या सड्यावर न बसता उताराच्या कुशीत, झाडांच्या आडोशाला का बसल्या, ते तेव्हा कळतं.

कणकवलीजवळचं आमचं पडकं घर आम्ही पुन्हा बांधलं, तेव्हापासून मुंबई-पुण्याहून गावी परतणाऱ्यांचे फोन येतात. प्रश्न बहुधा एकच असतो: "भिंत कशाची बांधू?" भिंत हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणून इथे घराचा नकाशा आधी पाणी काढतं, मग आपण. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. हे सगळं कोकणापुरतं आहे, सोलापूरला घर बांधणाऱ्याने जसंच्या तसं उचलू नये. का, ते भिंतीपाशी सांगतो.

पहिली पायरी: पावसात एक फेरी

भर पावसात, निदान दोन तास, जागेवर राहा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून जातं हे कागदावर बाण काढून लिहा. आमच्या शेजारचे तात्या माझ्याबरोबर आले होते, डोक्यावर इरलं आणि हातात काठी. मी जिथे स्वयंपाकघर धरलं होतं तिथे त्यांनी काठीने जमीन उकरली. खालून गढूळ नाही, स्वच्छ पाणी वर आलं. तो पाझर होता आणि मेमध्ये त्याचा मागमूसही नसतो. तात्या एवढंच म्हणाले, "घर खयंय बांध, पण पाण्याक आधी वाट दी." घर बारा फूट पूर्वेला सरकलं.

त्याच फेरीत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. झड, म्हणजे वाऱ्याने तिरपा मारणारा पाऊस, कुठल्या बाजूने येते (बहुतेक ठिकाणी नैऋत्य-पश्चिम, पण डोंगराच्या कुशीत ती वळते). शेजारच्या विहिरीचं पाणी पावसात किती वर येतं. आणि कुठली झाडं वाचवायची. पश्चिमेला फणस किंवा आंबा असेल तर तो तोडायचा विचारही करू नका, दुपारी तीननंतरचं ऊन तोच अडवणार आहे. माड मात्र छपरापासून लांब हवा. एक नारळ पडला की चार कौलं गेली.

कागदपत्रांचं थोडक्यात. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्यामुळे ती सहसा शेतकरीच विकत घेऊ शकतो. गावठाणाबाहेर घर असेल तर बिनशेतीचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, सध्याचा नियम काय आहे ते विचारून घ्या. सातबाऱ्यावर किती नावं आहेत हे चिरे (जांभ्या दगडाचे कापलेले ठोकळे) आणायच्या आधी बघा. कोकणात एका सातबाऱ्यावर तीसेक नावं असली तरी कुणाला नवल वाटत नाही.

दुसरी पायरी: घराचं तोंड आणि खोल्यांची मांडणी

सिंधुदुर्ग साधारण १६ अंश अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. डोक्यावरच्या उन्हाला छप्पर पुरतं. त्रास देतं ते सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, त्यातही पश्चिमेचं. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा. पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती आखूड होतात आणि लांब भिंती उत्तर-दक्षिणेला जातात.

पश्चिमेला झोपायची खोली नको. तिथे पडवी, लाकडं ठेवायची जागा, न्हाणीघर, जिना असलं काहीतरी घाला. ऊन आणि झड दोन्ही त्यांच्यावर खपतात. चूल पेटवणार असाल तर स्वयंपाकघर वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, पूर्वेकडे ठेवा, नाहीतर खारा वारा धूर घेऊन घरभर फिरतो.

जुन्या घराची रचना बघा: अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे पुन्हा पडवी. बाहेरून आत जाताना उजेड, ओल आणि पाहुण्याची जवळीक सगळंच टप्प्याटप्प्याने बदलतं. माजघर सगळ्यात अंधारं, पण मेमध्ये दुपारी आजी तिथेच आडवी व्हायची. नव्या घरात तेवढा अंधार नको असतो. त्यासाठी छपरात दोन-तीन काचेची कौलं पुरतात, भिंत फोडून मोठी खिडकी कशाला?

तिसरी पायरी: जोतं

जोतं, म्हणजे घर ज्यावर उभं राहतं तो चौथरा, दोन-अडीच फुटांपेक्षा कमी ठेवू नका. पागोळी, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारी पाण्याची धार, अंगणात आपटली की चिखलाचे शिंतोडे दीड-दोन फूट सहज उडतात. भिंतीचा तेवढा पट्टा कायम ओला राहिला की वाळवीला आमंत्रण.

पाया आणि जोतं जांभ्या चिऱ्याचंच करतात. आत भराव मुरमाचा. भराव एकदम ओतून वरून चोपला की दोन पावसाळ्यांनी जमीन खचते आणि कोब्याला (घोटून केलेल्या जमिनीला) भेग जाते. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग चोप, मग पुढचा थर. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत याच कामावर कात्री लागते, म्हणून भरावाच्या दिवशी स्वतः हजर राहा.

जांभा दगड पाणी पितो आणि पायातली ओल वातीसारखी वर चढते. जोत्याच्या माथ्यावर, भिंतीचा पहिला चिरा ठेवण्याआधी, जलरोधक मिसळलेल्या सिमेंटचा दीडेक इंचाचा ओलरोधक थर सलग घाला. दाराखालीही तो तुटता कामा नये. जुन्या घरांत हा थर नसायचा, त्या ओलीवर रोजची चूल आणि तिची ऊब हा उपाय होता. आता घर सहा महिने बंद असतं, चूल नाही, म्हणून थर हवाच.

पागोळी जिथे पडते त्या रेषेवर फरशीचे तुकडे किंवा गोटे बसवा आणि तिथून बाहेर उतार द्या. घराभोवती गटार उघडंच ठेवा, पालापाचोळा हाताने काढता आला पाहिजे.

चौथी पायरी: भिंत, म्हणजे चिरा

चिरा ओळखायचा तो चिरेखाणीवर जाऊन. दोन चिरे एकमेकांवर आपटा. चांगला चिरा खणखणीत वाजतो, खराब चिरा भद्द आवाज करतो. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डोळे दिसतात तो घेऊ नका, पहिल्याच पावसात ती माती धुऊन जाते आणि भोकं उरतात. आकार साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच, खाणीगणिक थोडा फरक. ताजा काढलेला जांभा मऊ असतो, हवा लागून तो कडक होत जातो. हाच गुण मलबारात बघून फ्रान्सिस बुकनन यांनी १८०७ मध्ये त्याला लॅटिनमधल्या 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून लॅटराइट असं नाव दिलं. कोयत्यासारख्या हत्याराने कापता येतो आणि नंतर विटेसारखा टणक होतो म्हणून. तेव्हा खाणीतून आलेला चिरा लगेच भिंतीत घालू नका. रचून ठेवा, जमलं तर एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्या.

आता सोलापूरची गोष्ट. देशावर मेमध्ये दुपारी ४० अंश आणि पहाटे २५ च्या आसपास असतं. तिथे दोन-अडीच फुटांची मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि रात्रीच्या गारव्यात सोडते, घर थंड राहतं. रत्नागिरीला मेमध्ये दिवसा ३२-३३ आणि रात्री २५-२६. दिवस-रात्रीत फरकच इतका कमी की जाड भिंतीला थंड व्हायला वेळ मिळत नाही, आणि दमट हवेत घामाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. इथे आराम मिळतो तो सावली आणि अंगावरून जाणाऱ्या वाऱ्यामुळे. एका चिऱ्याची नऊ इंची भिंत पुरते. वाचलेले पैसे छपरात घाला.

आणखी एक, परंपरेच्या प्रेमात पडलेल्यांसाठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथली घरं पारंपरिकच होती. दगडांच्या दोन पाळ्या, मध्ये माती, दोन्ही पाळ्यांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचं ओझं. कोकणालाही ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आठवत असेल. म्हणून सांधमोड काटेकोर पाळा, उभा सांधा उभ्या सांध्यावर येता कामा नये. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून घराभोवती सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घाला. तसाच पट्टा छपराखाली आणि तिकोनी भिंतीच्या उतारावरही. भारतीय मानक १३८२८ यात साध्या दगडी बांधकामासाठी हे सगळं आकृत्यांसह दिलं आहे, गवंड्याला आकृती दाखवली की पटकन कळतं.

चिऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल त्याच्यामागे अडकते, क्षार फुलतात आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात. नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, नीट भरा. आतून गिलावा हवाच असेल तर चुन्याचा. कळीचा चुना विकत आणून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवावा लागतो, नीट न विझलेला कण भिंतीत गेला तर तिथे नंतर फोड येतो. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नसेल तर आतून चिरा उघडाच ठेवा, त्यात काही वाईट दिसत नाही.

पाचवी पायरी: छप्पर

सगळ्यात जास्त पैसा आणि डोकं इथे घाला. उतार ३० अंशांपेक्षा कमी नको. आमच्याकडे सुतार अंश बोलत नाही, तो आडव्या फुटाला किती इंच चढ ते सांगतो. फुटाला सात इंच म्हणजे तीस अंश.

वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, तीन फूट बाहेर काढा. मुंबईहून आलेल्या आमच्या घराच्या नकाशात ती दीड फूट होती, "उजेड कमी होतो" म्हणून मीच पश्चिमेला मान्य केली. पहिल्याच जुलैत त्या खोलीची अख्खी भिंत आतून काळी पडली, कपाटातल्या चादरींना बुरशी आली. हिशोब साधा होता, मी केला नव्हता. पाऊस ४५ अंशांत आला तर तीन फुटांची वळचणही भिंतीचा वरचा तीन फूटच भाग वाचवते. म्हणजे झडीच्या बाजूला नुसती वळचण पुरतच नाही, तिथे सहा-सात फुटांची पडवी हवी. पुढच्या उन्हाळ्यात ती बांधली. तेवढंही नसेल तर जुनी युक्ती करा: जूनच्या सुरुवातीला पडवीच्या तोंडाला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि दसऱ्याच्या सुमारास काढायचे.

लाकूड. वाशांना ऐन, किंजळ, फणस. आपल्या जागेतलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते, ती आधी काढा. ओलं लाकूड घातलं की वासा पिळतो आणि कौलांच्या ओळी नागमोडी होतात, म्हणून निदान सहा महिने सावलीत सुकवा. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायची इथली रीत आहे, कीड लागत नाही, पण हातमोजे घाला, कातडी भाजते. बांबू वापरणार असाल तर इथला माणगा भरीव आणि सरळ असतो. तो दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे आतली साखर निघून जाते आणि भुंगा कमी लागतो.

मंगलोरी कौल आपल्याला आपलं वाटतं, पण ते १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनचं. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं होती. एक कौल अडीच-तीन किलोचं, शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर पावणेचार ते साडेचार टन कोरडं ओझं येतं, पाणी प्यायलं की आणखी. त्यामुळे वाशांची जाडी अंदाजपंचे ठरवू नका. आणि रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांना अडकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर कागदावरून न घेता आणलेल्या कौलांवरून ठरवा. दहा कौलं जमिनीवर अडकवून मोजा, एकदा ओढून धरून, एकदा दाबून, आणि मधला आकडा घ्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा असंख्य घरांची पत्रे-कौलं उडाली. कडेच्या ओळी, आढं आणि वळचण इथली कौलं तांब्याच्या किंवा गंज न चढणाऱ्या तारेने रिपांना बांधा, कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असतं. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, काँक्रीट पट्ट्यात आधीच सोडलेल्या बोल्टला लोखंडी पट्टीने जखडा.

आता वांदर. गेल्या काही वर्षांत कोकणात कौलं गेली आणि पत्रे आले त्यामागे पावसापेक्षा वांदरांचा हात मोठा आहे. एक टोळी एका दुपारी तीस-चाळीस कौलं फोडते. पत्रा घालणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण नुसता पत्रा म्हणजे मेमध्ये भट्टी आणि जुलैत ढोल, फोनवर बोलता येत नाही. दोन मार्ग आहेत. एक, खाली पत्रा, त्यावर रिपा मारून कौलं: कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि मधल्या फटीतून वारा फिरतो. खर्च वाढतो. दुसरा, वर पत्रा आणि खाली लाकडी माळा. माळ्याच्या दोन्ही तिकोनी भिंतींत जाळी ठेवलीत तर तापलेली हवा तिथून निघून जाते आणि खालची खोली बरीच सुसह्य राहते. जुन्या घरातला माळा भाताच्या कणग्या ठेवण्याइतकाच यासाठीही होता.

सहावी पायरी: वारा

एका खोलीला एकच खिडकी म्हणजे वारा आत येतो आणि तिथेच थबकतो. समोरासमोर दोन हव्यात. खिडकीचा उंबरठा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, गज लावा. आपण बसतो, झोपतो ती उंची तीच आहे, वारा अंगाला लागायला हवा, डोक्यावरून जाऊन उपयोग नाही. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जुनी घरं वीतभर फट सोडत, गरम हवा तिथून बाहेर. ती फट ठेवा, पण बारीक जाळी लावून, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरामागे धामण. डासांच्या जाळीने वारा बराच अडतो, म्हणून जाळी लावायची तर खिडकी मोठी करा. पडवीला चिऱ्याची किंवा विटांची जाळीदार भिंतही छान दिसते. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रात विटांच्या जाळ्यांवर वारा आणि उजेड दोन्ही खेळवले आहेत, त्या बाजूला गेलात तर बघा.

जमीन कशाची? सारवलेली जमीन पायाला सुखाची, पण आठवड्या-पंधरवड्याने सारवावी लागते. गावात राहणारं कुणी नसेल तर नाद सोडा. चकचकीत लादी दमट दिवसांत घामेजते आणि पाय घसरतो. लाल कोबा मला सगळ्यात पटला, फक्त घोटाई करणारा जुना हात शोधा.

सातवी पायरी: पाणी आणि सांडपाणी

हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटर पाणी. तरी एप्रिल-मेमध्ये याच गावांत टँकर येतो. निदान एका बाजूची पन्हळ टाकीत सोडा, पहिल्या दोन-चार सरींचं घाण पाणी वगळून. बाकीचं विहिरीजवळच्या खड्ड्यातून जमिनीत जाऊ द्या.

शोषखड्डा मात्र विहिरीच्या खालच्या अंगाला आणि जितका लांब नेता येईल तितका न्या. जांभ्याला आतून भोकंच भोकं असतात. मातीत पाणी गाळून जातं, जांभ्यात ते नुसतं धावतं.

कामाचं वेळापत्रक उलटं मांडा. सात-आठ जूनला मृग लागतो, त्याआधी तीन आठवडे, म्हणजे मेच्या मध्याला, छप्पर पूर्ण हवं. त्यासाठी भिंती मार्चअखेर, जोतं जानेवारीत. चिरे आणि लाकूड आदल्या वर्षीच. शिमग्याला आणि आंब्याच्या हंगामात कामगार मिळणार नाहीत हे धरून चाला, त्यात कुणाची चूक नाही.

छपरासाठी लागतील त्याहून शे-दीडशे कौलं जास्त घ्या. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि दर मेमध्ये शाकारणीला, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं उतरवून नीट लावताना, दहा-वीस तरी बदलावी लागतात. पहिल्या मोठ्या पावसात रात्री उठून बॅटरी घेऊन माळ्यावर जा. जिथून थेंब येतो त्या कौलाला आतून खडूने फुली मारा. सकाळी उघडीप झाली की शिडी लावून तेवढीच उचला. बऱ्याचदा कौल फुटलेलं नसतं, खाचेत आंब्याचं पान अडकलेलं असतं.